लोखंडातली खाच

माझ्या आत्याला तिच्या कचेरीत सगळे इस्त्री म्हणत. तोंडावर 'बाई', पाठीमागे इस्त्री. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. यंत्रातून निघालेल्या कागदावरची दातेरी, थरथरती रेघ तिच्या हाताखालून गेली की गुळगुळीत होऊन बाहेर यायची. तेवीस वर्षं तिने हेच केलं. मी हे सांगते आहे ते तिचं कौतुक करायला नाही, कौतुक तिचं जरा जास्तच झालं होतं. मला तिचा अजून राग येतो, आणि ती गेली तेव्हा घरात सगळ्यांत जास्त रडले ती मीच. आता बोला.

बसच्या शेवटच्या थांब्यापलीकडे अणुभट्टीचं केंद्र होतं. आत्या तिथे विसाव्या वर्षी कामाला लागली. दुसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली, उत्तरेला खिडक्या, सहा टेबलं, सहा बाया आणि प्रत्येकीपुढे कागदाची एक गुंडाळी. खाली भट्टीच्या दालनात न्यूट्रॉनचा झोत एखाद्या धातूच्या तुकड्यावर सोडायचे. काही न्यूट्रॉन आरपार जायचे, काही आतल्या अणुगर्भांवर आपटून वाटेल त्या दिशेला उधळायचे. झोताचा वेग थोडाथोडा बदलत न्यायचा आणि धातूने किती न्यूट्रॉन अडवले ते शाईचा पेन कागदावर नोंदत जायचा. काही ठरावीक वेगांना धातू एकाएकी खूप जास्त अडवायचा, तिथे रेघ ताडकन वर जायची. या उंचवट्यांना खोलीत शिखरं म्हणत. शिखरांची उंची, जाडी आणि दोन शिखरांमधलं अंतर फूटपट्टीने मोजायचं, तक्त्यात भरायचं, आणि शेवटी साहेबांना एक स्वच्छ रेघ काढून द्यायची, हे आत्याचं काम.

साहेब म्हणजे त्या विभागाचे प्रमुख. उंच, खांद्यातून वाकलेले, कोटाच्या खिशात कायम खडूचे तुकडे. माणूस वाईट नव्हता, हे मला राग येऊनही म्हणावंच लागतं. बायांना नुसतं जुंपायचं आणि आपण वर मान करून फिरायचं, असा त्यांचा खाक्या नव्हता. ते फळ्यापाशी उभे राहून समजावून सांगायचे.

"जड धातूच्या एका अणुगर्भात दोन-दोनशे कण कोंबलेले असतात," ते म्हणायचे. "प्रत्येकाचा माग काढायला गेलात तर वेड लागेल. गर्दीत एकेकाला नाव विचारत बसू नका. गर्दीचा स्वभाव ओळखा."

आणि स्वभाव खरंच होता. आत्याने शेकडो शिखरांमधली अंतरं मोजली तेव्हा तिला दिसलं की दोन शिखरं एकमेकांना खेटून जवळजवळ कधीच बसत नाहीत. जाडीचं मात्र उलट होतं. बहुतेक शिखरं काडीसारखी बारीक, आणि मधूनच एखादं चांगलं गलेलठ्ठ. धातू बदलला, वेग बदलला, तरी हे प्रमाण बदलत नव्हतं. साहेबांनी त्याचं कारण सांगितलं. अणुगर्भ म्हणजे बंद खोली नव्हे, तिला बाहेर जायला दार असतं. दार किलकिलं असलं तर आतला प्रत्येक जण थोडाथोडा बाहेर डोकावतो. तेच दार सताड उघडलं तर दोन-तीन दांडगे सगळं दार अडवून बसतात आणि बाकीचे आतल्या आत अडकून पडतात. आत्या हे जेवताना आम्हाला सांगायची तेव्हा तिचा घास हातातच राहायचा.

"ताई, तुझ्या कणांना निदान शिस्त आहे," माझे बाबा म्हणायचे. ते तिचे धाकटे भाऊ, पाच वर्षांनी लहान. "आमच्या बसमध्ये ये एकदा. तिथे सगळे खेटूनच बसतात."

"अरे, मग तू दारात उभा राहणारा दांडगा असशील," आत्या म्हणायची. दोघं असं तासन्‌तास चालवायचे आणि आईचं ताट थंड होऊन जायचं.

आता ती भिंत. आत्या तेवीस वर्षांची असताना दालनात एक नवी मोजणीची खोली बांधायची ठरली. झोताच्या वाटेला लागूनच माणूस बसणार, म्हणून मधे आडोसा हवा. जुन्या आराखड्यात जाड लोखंड आणि त्याला आतून मेणाच्या विटांचा थर असं होतं. मेण न्यूट्रॉनला थोपवतं, पण मेण पेटही घेतं, आणि आगीचे अधिकारी त्यावर नाखूश होते. प्रश्न एवढाच होता की नुसतं लोखंड पुरेल का. त्यासाठी लोखंडाचा तक्ता हवा होता, आणि तो करायला दिला इस्त्रीला.

लोखंडाच्या गुंडाळीवर शिखरं होती, पण थोडी आणि लांबलांब. एका मोठ्या शिखराच्या अलीकडे मात्र रेघ एकदम खाली उतरली होती, जवळजवळ कागदाच्या तळापर्यंत, आणि लगेच वर आली होती. अरुंद, उभी खाच. त्या वेगाच्या न्यूट्रॉनला लोखंड अडवतच नाही, असा तिचा सरळ अर्थ.

आत्याच्या खोलीचा एक नियम होता. पेनातली शाई कधी सुकायची, कधी कागद अडकायचा, आणि रेघेत खोटे खड्डे पडायचे. म्हणून पेनाच्या रेघेच्या तिप्पट जाडीपेक्षा अरुंद खड्डा दिसला तर तो धरायचा नाही, दोन्ही बाजूंचे आकडे घेऊन सरासरीने बुजवायचा. जड धातूंच्या गर्दीत या नियमाने कधी काही बिघडलं नव्हतं. आत्याने खाच मोजली. तिप्पटीपेक्षा केसभर कमी भरली. ती उठून साहेबांच्या दारापर्यंत गेली. साहेब बाहेरच्या पाहुण्यांशी बोलत होते. तिला वाटलं, एवढ्याशा खड्ड्यासाठी नव्या मुलीने मधे तोंड घालायचं म्हणजे लहान तोंडी मोठा घास. परत आली, खाच बुजवली आणि रेघ साफ केली. त्या रेघेचं साहेबांनी सगळ्यांदेखत कौतुक केलं. तक्त्यावरून गणित झालं, लोखंड पुरेसं ठरलं, मेण रद्द झालं.

भीड भिकेची बहीण म्हणतात. आत्याने ही म्हण आम्हाला पुढे शंभरदा ऐकवली, पण त्या दिवशी दारात तिला ती आठवली नाही.

त्या मोजणीच्या खोलीत आधी एक वयस्क माणूस आठ वर्षं बसला. त्याची नजर अधू झाली, त्याने लवकर निवृत्ती घेतली, आणि त्याच्या जागी माझे बाबा आले. घरात आनंदीआनंद. बहीण वर, भाऊ खाली, एकाच केंद्रात. बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला भिंत दाखवायचे. "ही आमच्या ताईच्या तक्त्यावर उभी आहे," म्हणायचे. उजव्या हाताला भिंत, डाव्या हाताला यंत्राची बटणं. दालन उकडायचं आणि लोखंड गार असायचं, म्हणून मोजणी चालू असताना ते उजवा गाल भिंतीला टेकवून डोळे मिटून बसायचे. त्यांनीच मला सांगितलंय.

छातीवर किरणांचा मार मोजणारा फिल्मच्या पट्टीचा बिल्ला असायचा. महिन्याच्या शेवटी तो तपासायला जायचा आणि कागद यायचा: निरंक. अकरा वर्षांत एकशे बत्तीस कागद आले आणि एकूण एक निरंक. मी दातांची डॉक्टर आहे, क्ष-किरणांसाठी तसलाच बिल्ला मीही लावते, म्हणून हे नीट सांगते. बिल्ला त्याला जे दिसतं तेवढंच सांगतो. त्या वेगाचे न्यूट्रॉन त्या फिल्मला दिसतच नव्हते.

बाबांचं रोजचं काम असं. सकाळी आल्यावर झोत सुरू करायचा, पण वाटेत धातूचा तुकडा ठेवायचा नाही. नुसतीच दहा मिनिटं मोजणी घ्यायची. जो आकडा येईल तो खोलीचा स्वतःचा गोंगाट. तो वहीत डाव्या रकान्यात लिहायचा आणि दिवसभराच्या प्रत्येक मोजणीतून वजा करायचा. उरलेला आकडा खरा, तो वर आत्याच्या खोलीत जायचा. वजा झालेला आकडा वहीतच राहायचा. त्या धंद्यात सगळीकडे असंच करतात आणि त्यात काही चूक नाही. फक्त त्या खोलीचा गोंगाट इतका का, हे कुणी विचारलं नाही. आधीच्या माणसाने नव्या माणसाला सांगितलं होतं, "ह्या खोलीचा स्वभावच असा आहे." बाबांनी ते पदरी पडलं आणि पवित्र झालं म्हणून घेतलं.

मी अकरा वर्षांची असताना बाबा सारखा चष्मा पुसायला लागले. रुमालाने, शर्टाच्या टोकाने, टेबलावरच्या कापडाने. आई चिडायची. मग एक दिवस ते म्हणाले, "काच स्वच्छ आहे गं. धुकं आतच आहे."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळे पाहिले. मोतीबिंदू होता, उजव्या डोळ्यात बराच, डाव्यात थोडा, आणि भिंगाच्या मागच्या बाजूला. बाबा तेव्हा सदतीस वर्षांचे.

"काच वितळवायच्या भट्टीपुढे काम करता का?" डॉक्टरांनी विचारलं. "एकाच बाजूला धग लागते असं काही?"

"नाही हो. उलट माझी उजवी बाजू गार असते," बाबा म्हणाले, आणि दोघं हसले. घरी येऊन त्यांनी हा विनोद म्हणून सांगितला. आम्हीही हसलो. आत्या हसली नाही. तिने फक्त विचारलं, "तुझ्या आधी बसायचा त्याचं काय झालं होतं रे?"

पुढच्या सुट्टीच्या दिवशी ती त्या माणसाच्या घरी गेली. दार त्याच्या बायकोने उघडलं. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. "आधी डोळे गेले," बाई म्हणाली. "मग अंगावर निळे डाग पडायला लागले, कुठे आपटलं नाही, काही नाही. मग रक्तच बनेना. सहा महिन्यांत आटोपलं." आत्याने चहा घेतला, कप विसळून ठेवला आणि घरी आली. त्या दिवसापासून तिचं बाबांवर सारखं लक्ष असायचं. बाबांनी हाताला खरचटून घेतलं की ती त्यांचा हात धरून खिडकीशी न्यायची आणि बघत राहायची. मला ते बघून भीती वाटायची, कशाची ते कळायचं नाही.

बाबांना आता वहीतले बारीक आकडे दिसेनात, म्हणून ते वही वर घेऊन आले. "ताई, एवढं उतरवून दे." आत्याने अकरा वर्षांत पहिल्यांदा डावा रकाना पाहिला. भट्टी दुरुस्तीसाठी बंद होती त्या दिवसांचा गोंगाट: चार, तीन, पाच. भट्टी चालू असलेल्या दिवसांचा: नऊशे दहा, आठशे नव्वद, नऊशे पाच. खोलीचा स्वभाव भट्टीबरोबर चालू-बंद होत होता.

तिने वही मिटली. "उद्या देते," म्हणाली, आणि तळघरातल्या जुन्या कागदांच्या खोलीत गेली. वीस वर्षांपूर्वीच्या लोखंडाच्या गुंडाळ्या तिथे होत्या. तिने त्या वेळी एकीवरच काम केलं होतं, पण मोजण्या तीनदा झाल्या होत्या. तिन्ही तिने जमिनीवर उलगडल्या. तिन्हींवर त्याच जागी तीच खाच होती.

त्या दुपारी ती साहेबांच्या दारात थांबली नाही, सरळ आत गेली. साहेब निवृत्तीला आले होते. तिने टेबलावरचं सगळं बाजूला सारून तिन्ही कागद पसरले.

"शाई सुकली असेल," साहेब म्हणाले.

"तीन वेगवेगळ्या दिवशी, एकाच जागी?"

साहेबांनी चष्मा चढवला. त्या खाचेवर बोट ठेवलं. मग खिशातून खडू काढला, पण फळ्याकडे गेले नाहीत. बसल्या जागीच, हळू आवाजात बोलले. न्यूट्रॉन एखाद्या लाटेसारखाही वागतो, हे आत्याला माहीत होतं. काही लाट अणुगर्भाला वरवर घासून जाते, काही आत शिरून परत बाहेर येते. दोन्ही एकत्र येतात तेव्हा कधी एकमेकींना वाढवतात, तिथे शिखर दिसतं. कधी एकमेकींना पुसून टाकतात. मग त्या एका वेगापुरता अणुगर्भ तिथे नसल्यासारखाच होतो. हातभर जाड लोखंड घ्या नाहीतर दोन हात, त्या वेगाचा न्यूट्रॉन खुशाल पलीकडे जाणार.

"जड धातूंत अशा खाचा एकमेकींत मिसळून जातात," ते म्हणाले. "तिथे सरासरी चालते. पण लोखंडात गर्दी नाहीच हो बाई. चार माणसं होती, आणि मी त्यांची सरासरी काढली."

"तुम्ही नाही. खाच मी बुजवली," आत्या म्हणाली.

साहेब म्हणाले, टिपण लिहा, समितीपुढे ठेवू. समिती पुढच्या महिन्यात बसणार होती. आत्याने मान डोलावली, कागद गुंडाळले आणि खाली उतरली. माझा भाऊ उद्या सकाळी त्या खुर्चीवर बसणार आहे आणि हे महिन्याची बात करतायत, हे तिच्या डोक्यातून जाईना, असं ती सांगायची.

मेणाच्या जुन्या विटा गोदामात पडून होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या बाबांच्या खोलीत गेली तेव्हा एका हातगाडीवर साठ विटा होत्या. गोदामाच्या कारकुनाला तिने काय सांगितलं कुणास ठाऊक. ती कधी खोटं बोलत नसे, म्हणून तिचं खोटं खपलं असणार.

"हे काय, ताई? घर बांधतेस?"

"झोत बंद ठेव. ह्या विटा भिंतीला आतून लाव. मग रिकामी मोजणी घे."

बाबांना वाटलं, वरून काही हुकूम आला असेल. दोघांनी मिळून विटा रचल्या, बाबा रचत, आत्या देत. भिंत खुर्चीच्या उंचीपर्यंत झाकली. मग आत्याने बाबांना खोलीच्या बाहेर, दालनाच्या टोकाला उभं केलं आणि तिथूनच झोत सुरू करायला लावला. दहा मिनिटं मोजणी चालली. झोत बंद झाल्यावर बाबा आत गेले. आकडा वाचायला त्यांना यंत्राला नाक लावावं लागलं.

"एकसष्ट," ते म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "काल नऊशे होता."

यंत्र बिघडलंय का, म्हणून त्यांनी विटा काढून परत मोजलं. नऊशे दोन. परत लावल्या. अठ्ठावन्न. पुढे बाबा सांगायचे की त्यांना पहिल्यांदा आनंद झाला. इतकी वर्षं छळणारा गोंगाट गेला, आता मोजण्या किती स्वच्छ येतील, हा विचार आधी आला. मग त्यांनी बहिणीचं तोंड पाहिलं.

"जे मी रोज वजा करत होतो," ते म्हणाले, "ते माझ्यातून जात होतं?"

आत्याने तिथेच त्यांना सगळं सांगितलं. खाच, नियम, साहेबांचं दार, पाहुणे, साफ केलेली रेघ. बाबा ऐकत होते. त्यांनी आरडाओरडा केला नाही. मला वाटतं केला असता तर बरं झालं असतं. त्यांनी अकरा वर्षांच्या वह्या कपाटातून काढल्या, तेवीस होत्या, आणि तिच्यापुढे ठेवल्या.

"डाव्या रकान्याची बेरीज कर," ते म्हणाले. "मला आता दिसत नाही."

ती बेरीज तिने आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर केली. तीन दिवस लागले. मग बेरीज घेऊन दोघं केंद्राच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर तरुण होते, नम्र होते. त्यांनी एक पुस्तक उघडून, एक तक्ता बघून सांगितलं की इतका मार हजार माणसांना बसला तर त्यांतल्या साधारण इतक्यांना पुढे रक्ताचा आजार होऊ शकतो.

"आणि माझ्या भावाला?" आत्याने विचारलं.

"एका माणसाचं असं सांगता येत नाही, बाई. हा हिशोब समूहाचा असतो."

"आधीचा माणूस गेला, त्याचं?"

"एकावरून काही सिद्ध होत नाही."

आत्याने आयुष्यभर असेच तक्ते बनवले होते. दोघं बसने घरी आली, आणि बसमध्ये बाबांनी तिचा हात धरला होता, असं आत्याने मला पुढे बऱ्याच वर्षांनी सांगितलं.

भिंतीला आठवड्याभरात मेण लागलं. टिपणात 'सुधारणा' असा शब्द होता, चूक हा शब्द नव्हता. आत्याने त्याच महिन्यात नोकरी सोडली. बाबांना गोदामात बदली मिळाली. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला, मग डाव्यातला, नजर बऱ्यापैकी परत आली. नऊ वर्षं दर सहा महिन्यांनी रक्त तपासलं. प्रत्येक वेळी ठीक आहे म्हटल्यावर आत्या दोन दिवस गाणं गुणगुणायची आणि तिसऱ्या दिवसापासून पुढचे सहा महिने मोजायला लागायची. दहाव्या वर्षी बाबांच्या दंडावर निळा डाग दिसला. चार महिन्यांत ते गेले. आत्या त्यानंतर दोन वर्षं होती. शेवटपर्यंत तिने माझी कधी माफी मागितली नाही, आणि मीही तिला कधी माफ केलंय असं म्हणाले नाही. आम्ही एकमेकींची भांडी घासायचो, औषधं आणायचो, तेवढंच.

पण बेरजेच्या दिवसांतलं एक सांगायचं राहिलं, आणि खरं म्हणजे तेच सांगायला बसले होते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बेरीज संपत आली होती. आत्या आकडे वाचत होती, बाबा डोळे मिटून ऐकत होते, मी त्याच टेबलावर शाळेचा अभ्यास करत होते. अचानक बाबा सरळ बसले. त्यांचा चेहरा असा झाला होता की मी पेन खाली ठेवला.

"ताई," ते म्हणाले, "मागच्या वर्षी हिची आई आजारी होती. शाळेला सुट्टी होती. मी हिला रोज बरोबर नेत होतो."

आत्याने वही बंद केली. मग परत उघडली आणि मागच्या वर्षीचं पान शोधलं. बाबा तारखा सांगत गेले. बारा दिवस होते. आत्याने बारा आकडे एका वेगळ्या कागदावर उतरवले. आकडे वाकडे पडत होते. तिच्या हाताने काढलेलं वाकडं मी त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं.

"सोने," ती मला म्हणाली. ती मला लाडात आली की सोने म्हणायची, पण हा आवाज लाडाचा नव्हता. "बाबांच्या खोलीत तू कुठे बसायचीस गं?"

मला वाटलं मी काहीतरी मोडलं असावं आणि आता ते सापडलंय. म्हणून मी पटकन खरं ते सांगून टाकलं.

"खाली जमिनीवर," मी म्हणाले. "भिंतीला पाठ लावून. तिथे गार लागायचं."

बाबा उठून स्वयंपाकघरात गेले. नळ सुरू झाल्याचा आवाज आला, आणि तो बराच वेळ बंद झाला नाही. आत्याने कागदावर माझं उत्तर लिहून घेतलं, जसंच्या तसं.